चौदा कड्यांची दोरी

दोरी आणायला मला पाठवलं, कारण मापं माझ्या वहीत होती.

दुकानदाराने दोनदा "काय?" असं विचारलं. तिसऱ्यांदा मी बोललेच नाही, वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. "सत्तर मीटर, सुती, करंगळीएवढी जाड," त्याने मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एवढी कुणाला बांधून ठेवायची आहे?"

मी नुसती हसले. ही दोरी बांधायला नाही, बोलायला आहे, असं मला सांगायचं होतं. पण अनोळखी माणसासमोर एवढं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही. त्याने दोरीचं भेंडोळं करून दिलं, मी ते खांद्यात अडकवलं आणि नदीकडे चालू लागले.

पुढचं मी लिहून सांगते आहे, कारण बोलून सांगायला बसले तर तुम्हीही दोनदा "काय?" म्हणाल. तुम्ही दिव्यापाशी माझ्या शेजारी बसला आहात असं धरून लिहिते. मध्ये काही विचारू नका, माझा धागा तुटतो.

माझा मामा सुतार आहे. तीस वर्षं त्याने लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीशेजारी काम केलं, आणि त्या करवतीने त्याचे कान खाल्ले. हे त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं असं की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. एखादी गोष्ट ऐकू आली नाही की तो "हं" म्हणतो. ते "हं" इतकं समजूतदार असतं की समोरच्याला वाटतं, याला सगळं कळलं. मी हळू बोलते आणि त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं फार छान जमतं. आम्ही दोघं दिवसभर शेजारी बसून काम करतो आणि एकमेकांचं काही ऐकत नाही.

यंदा थंडीच्या सुट्टीत मी मामाकडे राहायला गेले, तेव्हा त्याने जुनी पाणचक्की दुरुस्त करायला घेतली होती. नदीचं पाणी दगडी पाटातून येऊन लाकडी चाकावर पडायचं, चाक फिरलं की आतले दगड फिरायचे आणि गहू दळला जायचा. चाळीस वर्षं ती बंद होती. गावच्या समितीने मामाला एक वर्ष दिलं होतं. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी समितीसमोर चक्कीने दहा किलो गहू दळून दाखवायचा. नाही जमलं तर आतली लाकडं, दगड, चाक सगळं काढून विकायचं आणि त्या जागी हॉटेल काढायचं, असं ठरलं होतं. मामाने त्या वर्षात दुसरं एकही काम घेतलं नाही.

मामी चक्कीला "तुमची ती" म्हणायची.

"तुमच्या तिला नवंकोरं लाकूड," ती डबा उघडता उघडता म्हणायची, "आणि माझ्या स्वयंपाकघराचं दार दोन वर्षं झाली कुरकुरतंय."

"कुरकुरतं?" मामा म्हणायचा. "मला तर नाही ऐकू येत."

मग मामी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची, आणि मामाच्या पुढ्यात सगळ्यात मोठा वाटा ठेवायची.

मी गेले तेव्हा बरंचसं काम झालं होतं. चाकाची सडलेली पाती बदलली होती. दगडांना टाकी लावून झाली होती, म्हणजे छिन्नीने त्यांच्या खाचा पुन्हा खोल केल्या होत्या. शेवटची एक बाजू मामाने मला करू दिली. अडचण एकच उरली होती. पाटाचं दार चक्कीपासून साठ पावलं वर आहे. पाणी सोडायला एक माणूस तिथे लागतो आणि दगडांपाशी दुसरा. मध्ये बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा असा आवाज, की कान शाबूत असलेल्या माणसालाही हाक ऐकू येऊ नये. मामाला तर नाहीच, आणि माझी हाक तर विचारूच नका.

"फोन कशाला आहेत मग?" मामीने विचारलं.

"फोन पाण्यात पडला की मरतो," मामा म्हणाला. त्याने हे मात्र नीट ऐकलं होतं.

कड्या मला सापडल्या. पाटाच्या भिंतीला, शेवाळाखाली, चार चार पावलांवर लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. मामाला वाटलं, कुणी होड्या बांधत असतील. पण पाट वीतभर खोल, त्यात होडी कुठली. मी कडीच्या आतून बोट फिरवलं. खालची बाजू झिजून तिला गुळगुळीत घळ पडली होती. दोरी वर्षानुवर्षं सरकली तरच लोखंड असं झिजतं. मी एकेक कडी मोजत खाली गेले. चौदा. अकरावी चाकाच्या खड्ड्याच्या अगदी काठावर होती. चौदावीच्या पुढे चक्कीच्या भिंतीत मातीने बुजलेलं एक भोक होतं. ते कोरलं तर बोट थेट दगडांच्या खोलीत निघालं.

मी मामाला कोपराला धरून आणलं आणि भोक दाखवलं. तो बराच वेळ त्यातून बघत राहिला. मग म्हणाला, "मुंगे, तू बोलत नाहीस ते बरं आहे. बोलणारी माणसं एवढं बघत नाहीत."

मुंगी हे त्याने ठेवलेलं नाव आहे.

वरच्या दारापाशी भिंतीला लागून एक बसका दगड आहे. त्याची मधली जागा बसून बसून खोलगट झाली आहे. दोरी कड्यांमधून ओवून झाल्यावर मी तिथे बसले, तर तो दगड अगदी माझ्या मापाचा निघाला. इतका, की मला थोडं चोरट्यासारखं वाटलं, दुसऱ्याच्या चपला पायात घालाव्यात तसं. तिथेच बसून मी वहीत खुणा लिहिल्या. एकदा ओढलं तर थांब. दोनदा म्हणजे बरं, समजलं. तीनदा म्हणजे पाणी सोड. विचार करावा लागला नाही, हात चालतच गेला. खाली मी चारचा आकडाही लिहिला, पण त्याच्यापुढे काही सुचेना. तो तसाच राहिला.

आणि एक नियम. कुठलीही खूण आली तरी आधी दोनदा ओढून "बरं" म्हणायचं. उत्तर दिल्याशिवाय काही करायचं नाही आणि उठून जायचं नाही.

दोरीच्या दोन्ही टोकांना हात जाईल एवढा वेढा केला. मामाचा वेढा खाली दगडांपाशी, माझा वर दारापाशी. पहिल्या दिवशी आम्ही नुसतंच ओढत बसलो. थांब. बरं. थांब. बरं. मामा खाली एकटाच हसत होता, हे मला दोरीतून कळत होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मी कुणाशी तरी मोठ्याने बोलते आहे.

एकच गोष्ट विचित्र होती. मी ओढलं आणि उत्तर आलं, यांच्यामध्ये किंचित वेळ जायचा. उशीर नव्हे. एखाद्याने निरोप घ्यावा, नीट ऐकावा आणि मग पुढे द्यावा, तेवढाच.

रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, आम्ही पहिल्यांदा खरं पाणी सोडणार होतो.

त्या दुपारी धुकं उतरलं. सकाळी नदीवर होतं ते वर चढायचं सोडून गावाकडे सरकलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चक्कीचं छप्परही दिसेनासं झालं. मी दारापाशी दगडावर बसले होते. मला माझे बूट दिसत होते, पहिली कडी दिसत होती, दुसरी जेमतेम. तिसरीपासून पुढे दोरी पांढऱ्यात शिरून नाहीशी होत होती. बांधावरचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि ते सगळीकडून येत होतं. हवेला ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास होता.

मग त्यात दुसरा एक वास आला. मी आधी ओळखलाच नाही. गिरणीतून डबा घरी आणताना हाताला ऊब लागते आणि झाकणाच्या फटीतून जो वास येतो, तो. ताज्या, गरम पिठाचा. पण आम्ही अजून मूठभरही गहू दळलेला नव्हता.

मनगटाला ओढ लागली. एक. दोन. तीन. पाणी सोड.

मी दोनदा ओढलं. बरं.

उठले, दाराची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि वर उचलली. दार बोटभर हललं. फटीतून पाण्याची जीभ बाहेर आली.

तेवढ्यात दोरी ओढली गेली. एकदाच.

हा मामाचा हात नव्हता. मामाची ओढ मला माहीत झाली होती, सुताराची, छोटी आणि सरळ. ही लांब होती. माझा उजवा हात दांडीवरून निघून आला, दार आपल्या वजनाने खाली बसलं आणि पाण्याची जीभ तुटली. मी उत्तर द्यायला दोरी ओढायला गेले तर ती हलेना. ताठ. वेढा मनगटात रुतला आणि बोटं पांढरी पडली. कुणीतरी मला धरून ठेवलं होतं... दुखवत नव्हतं... पण सोडतही नव्हतं.

मी थांबले. खूण तीच होती ना. थांब.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. धुकं तसंच होतं. मग मी हळूच वेढ्यातून हात सोडवला, आणि दोरीवर तळवा ठेवून तिच्या बाजूने खाली चालू लागले. दोरी तारेसारखी होती. तिसरी कडी. चौथी. पाचवी. तळव्याखाली तिच्यात बारीक थरथर जाणवत होती, खूप जोर लावून ओझं पेलताना हात थरथरतो तशी. मला परत फिरायचं होतं. पण मागेही तेच धुकं होतं. नववी. दहावी.

अकराव्या कडीपाशी माझा हात पोचला आणि दोरी सैल पडली. मऊ. कुणी अलगद मूठ उघडावी तशी.

आणि खालून, चाकाच्या खड्ड्यातून, आवाज आला.

"...चिखल तरी किती. वर्षभर हेच साफ करतात म्हणे..."

मी खड्ड्यात वाकून पाहिलं. मामी होती. साडी खोचलेली, एक पाय चाकाच्या खालच्या पात्यावर, दुसरा दगडात, आणि हात लांब करून कोनाड्यातला मामाचा चष्मा काढत होती. पाणी पडतं ती जागा बरोबर तिच्या डोक्यावर होती. चाकाला अडकवायची लाकडी पाचर मामाने सकाळीच काढली होती.

मला ओरडायचं होतं. घशातून आलं ते एवढंच, "मामी."

तिला ऐकू गेलं. तिने वर बघितलं. "काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस? हा धर चष्मा. सकाळपासून शोधतायत आणि ठेवलाय बघ कुठे."

मी चष्मा घेतला. मग तिचा हात धरला, आणि ती पूर्ण वर येऊन गवतावर उभी राहीपर्यंत सोडला नाही. वर आल्यावरही सोडला नाही.

चक्कीच्या दारातून मामा आला. "मुंगे, काय चाललंय? तीनदा ओढलं, तू बरं म्हणालीस, पाणी कुठाय? परत ओढतोय तर दोरी भिंतीत चिणल्यासारखी. एवढी घट्ट कशाला धरून ठेवली होतीस?"

"मी नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी नाही धरली." हे मी मोठ्याने म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मामाला मामी दिसली. तिच्या गुडघ्यापर्यंतचा चिखल दिसला. माझ्या हातातला चष्मा दिसला. त्याने खड्ड्याकडे बघितलं, मग वर पाटाकडे.

"तू खाली होतीस?"

"सांगून गेले की तुम्हाला. खड्ड्यात उतरायच्या आतल्या शिडीपाशी उभं राहून म्हटलं, चष्मा खाली राहिलाय, घेऊन येते. तुम्ही हं म्हणालात."

मामा तिथेच, ओल्या गवतावर, खाली बसला. मामी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. तिलाही हळूहळू समजत गेलं असावं, कारण तिने माझा हात फार जोरात दाबला.

"मला ऐकू येत नाही गं," मामा म्हणाला. इतक्या हळू, की त्याला स्वतःलाही ऐकू आलं नसेल. "आलं असेल असं वाटलं... म्हणून हं म्हटलं."

"ते मला सात वर्षं माहीत आहे," मामी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा व्हायला धडपडत होता. "उठा. थंडी लागेल. आणि ते हं म्हणणं आजपासून बंद. ऐकू आलं नाही तर काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं?"

"काय, असंच म्हणायचं."

मामा उठला. मी मात्र तिथेच होते, कारण मी कडीकडे बघत होते. अकरावी कडी काळ्या लोखंडाची आहे, शेवाळ मी स्वतः खरवडून काढलं होतं. तिच्यावर पांढरे ठसे होते. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. एवढ्या धुक्यात ते कोरडे होते. मी बोट लावून पाहिलं. पीठ. जरासं कोमट.

मी ते पुसलं. का पुसलं, माहीत नाही. मामाने बघितलं असतं तर तो घाबरला असता, आणि रविवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी धुकं नव्हतं. आम्ही पाणी सोडलं, चाक फिरलं. खड्ड्याच्या शिडीला मामाने नवीन दार केलं आणि त्याची किल्ली मामीच्या कमरेला अडकवली. दगड फिरायला लागले तेव्हा मामाने दोन्ही तळवे लाकडी खांबावर ठेवले आणि डोळे मिटले. त्याला चक्कीचा आवाज हातातून येत होता. मामी दारात उभी राहून डोळे पुसत होती. "तुमच्या तिचा केवढा आवाज," ती म्हणाली.

"काय?" मामा म्हणाला, आणि मामी हसली.

संध्याकाळी आवरून दोघं पुढे निघाले. मी पाटाचं दार बसवायला वर थांबले. हवा स्वच्छ होती. पायवाटेवरून दोघं जाताना मला स्पष्ट दिसत होती, मामाच्या हातात डबा, मामीच्या हातात कंदील. चक्कीला कुलूप लावलेलं. मी दार खाली टाकलं आणि मनगटातला वेढा काढणार, एवढ्यात दोरी हलली.

एक.

दोन.

तीन... मी दाराकडे हात नेला. मग थांबले, कारण अजून एक होती.

चार.

सावकाश. कुणी मागून हलकेच वेणी ओढावी तशी. मी पायवाटेकडे पाहिलं. मामा आणि मामी तिथेच होते, वळणापाशी, दोघंही पाठमोरे.

मी घाबरले होते. पण शुक्रवारी ज्या हाताने मामीला वाचवलं, त्याला मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. आणि आमचा नियम होता, उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही. चारचा अर्थ माझ्या वहीत नव्हता. तरी तसंच निघून जाणं मला बरं वाटलं नाही.

मी दोनदा ओढलं. बरं.

मग वेढा दगडावर ठेवला आणि पळत सुटले. मामीने विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, "काही नाही, थंडी."

रविवारी समिती आली. अध्यक्ष येताना हॉटेलवाल्यालाही घेऊन आले होते, आणि टेबलं किती बसतील ते मोजायला त्याने खिशात टेप आणला होता. मी वर दारापाशी होते, तेव्हा आतलं मला मामीने नंतर सांगितलं. गहू पेटीत ओतला, मामाने तीनदा ओढलं, मी बरं म्हटलं, आणि पाणी आलं. दगडांमधून पीठ पडायला लागलं. अध्यक्षांनी चिमटीत घेऊन पाहिलं. अगदी मऊ होतं. हॉटेलवाल्याने एक पिशवी पीठ मागून घेतलं आणि टेप बाहेर काढलाच नाही. मामाला चक्की चालवायला दिल्याचं अध्यक्षांनी तिथेच सांगितलं, दोनदा, दुसऱ्यांदा कानाशी वाकून. मामा "काय?" म्हणाला, आणि मामी म्हणते की इतकं गोड "काय" तिने आजवर ऐकलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर एक उंच बाई पाटाच्या कडेने माझ्याकडे आल्या. पांढरे केस, पायात पांढरे बूट. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. शेवटच्या चक्कीवाल्याची मुलगी, असं त्यांनी सांगितलं. त्या दोरीकडे बघत होत्या.

"हे कुणी शिकवलं तुला?"

मी मान हलवली. कुणी नाही.

"माझ्या वडलांना अजिबात ऐकू यायचं नाही. दगडांपाशी राहून सगळ्याच चक्कीवाल्यांचं तसं व्हायचं. आई इथे बसायची, ह्याच दगडावर. तुझ्याएवढीच होती अंगाने." त्या दोरीला हात लावायला गेल्या आणि लावला नाही. "दोघांचं सगळं बोलणं ह्याच्यातून. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे बरं. तीनदा म्हणजे पाणी."

मी वही मांडीवर घट्ट धरली. ती मी त्यांना दाखवली नव्हती.

"आणि चार?" मी विचारलं. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं.

त्या हसल्या. "चार म्हणजे दिवस संपला. दार टाक आणि ये माझ्यापाशी. दगडांशेजारी बाक आहे ना, तिथे दोघं बसायची. मग जेवायची. आई कधी रुसलेली असली की उत्तर द्यायची नाही. बाबा बसून राहायचे. ती दोनदा ओढून बरं म्हणेपर्यंत जेवायचे नाहीत." त्यांनी पाण्याकडे बघितलं. "आई गेल्यावरही ते रोज संध्याकाळी चार वेळा ओढायचे. आम्ही समजावलं, रागावलो. ते म्हणायचे, तुम्हाला काय माहीत, आज ना उद्या बरं म्हणेल. शेवटच्या दिवशी मीच त्यांच्या मनगटातला वेढा काढला."

"मग?"

"मग काय. कुणी बरं म्हटलंच नाही कधी."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला, आणि गेल्या.

शाळा सुरू होऊन आता दोन महिने झाले. शनिवार-रविवारी मी चक्कीवर जाते. मामाने कानाला यंत्र लावलं आहे. चक्कीला विजेची घंटा बसवली, पण दोरी काढली नाही, मी काढू दिली नाही. दार टाकून झालं की मी वेढा मनगटात ठेवून थोडा वेळ बसते. दोरी पुन्हा कधी हलली नाही. मी बरं म्हटल्यावर त्याला पुन्हा विचारायची गरजही नसेल.

फक्त बाकाचं सांगायचं राहिलं. दगडांशेजारचा तो बाक दोघांपुरता आहे. संध्याकाळी कुलूप लावताना उडालेलं पीठ त्याच्यावर सगळीकडे सारखं बसलेलं असतं. सकाळी उघडावं तर एका बाजूला तसंच असतं, आणि दुसऱ्या बाजूची जागा स्वच्छ पुसलेली असते. तळव्याने पुसलेली, बोटांच्या रेघा दिसतात. जागा फार मोठी नाही. माझ्या मापाची आहे.

मामाला वाटतं, ते मीच करते.

"शहाणी आहेस मुंगे," तो म्हणतो. "जाताना आपली जागा पुसून ठेवतेस."

मी "हं" म्हणते.